ढोरांच्या कॉलेजचे इतिहासकार

सरांचं दार वाजवलं की आधी दार उघडायचं नाही, शेजारची खिडकी उघडायची. सर आपल्याला न्याहाळायचे. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. मग आतून आवाज यायचा, "चार पावलं मागं जा. आता चालत ये." तेवढं करून दाखवलं की कडी निघायची. बदलापूरच्या त्या गल्लीत पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना याची सवय झाली होती. गॅसवाल्याला त्यांनी एकदा सांगितलं, "तुझा डावा मागचा पाय दुखतोय." तो बिचारा बराच वेळ खाली बघत राहिला, मागचा कुठला ते शोधत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ॲनाटॉमीत नापास झाले होते. पशुवैद्यकीचं पहिलं वर्ष होतं. घोड्याची, गाईची, कुत्र्याची, डुकराची हाडं, एकेकाचे खड्डे आणि उंचवटे, सगळं पाठ करायचं आणि परीक्षेत हाड हातात आलं की सांगायचं, कोणाचं, कुठलं, डावं की उजवं. माझ्या हातात हाड आलं की हात घामेजायचे आणि सगळं पुसलं जायचं. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत सीनियरकडून आणलेली हाडं मी पलंगाखाली ठेवायचे. आई झाडू मारताना तेवढा कोपरा सोडून द्यायची.

घरात या शिक्षणाबद्दल एक न बोललेली गोष्ट होती. आमच्या आजोबांनी गावाकडे मेलेली जनावरं ओढायचं काम धम्म स्वीकारल्यावर सोडलं होतं, आणि सोडताना सगळ्या गावाचा राग अंगावर घेतला होता. त्यांच्याच नातीला एमबीबीएस थोडक्यात हुकलं आणि ती मेलेली जनावरं कापायला शिकायला निघाली. ॲडमिशन झाल्याचं कळल्यावर आजोबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बूट घालून कर. आम्ही अनवाणी केलंय." नापास झाल्यावर त्यांच्यासमोर जायची माझी हिंमत होत नव्हती.

पप्पा अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते. तिथल्याच कोणीतरी त्यांना सांगितलं, बदलापूरला एक रिटायर प्रोफेसर आहेत, ढोरांच्या कॉलेजचे, माणूस जरा सर्किट आहे पण शिकवतो चांगलं. म्हणून एका रविवारी मी त्या खिडकीसमोर चार पावलं मागं गेले आणि चालत आले.

"घाबरलीयेस," सर म्हणाले. "खांदे वर चढलेत. का?"

"नापास झालेय सर."

"त्यासाठी नाही. नापास होऊन गेलेलं आहे. पुढं काय होईल याला घाबरलीयेस. चांगलं आहे. घाबरट माणूस जनावराकडे लांबून बघतो. आत ये, पण आधी हात धू."

हात धुणं हे त्या घरातलं पूजेसारखं काम होतं. सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी प्लॅस्टिकची छोटी साबणाची डबी असायची. आपण हात धूत असताना ते बाजूला उभे राहून मनगटावरच्या घड्याळात बघायचे. नमस्कार केला तर नमस्कार घेण्याऐवजी नखं बघायचे. मी नखं खायचे. ते त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी काहीतरी अंगावर काढलेलं दुखणं लपवलं होतं. "ही सवय सोड," एवढंच म्हणाले. पुढची तीन वर्षं दर आठवड्याला म्हणत राहिले.

शिकवायची त्यांची तऱ्हाही निराळी. हाड हातात द्यायचे नाहीत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "हे जिवंत असताना काय करत होतं?" वजन पेलत होतं, वाकत होतं, श्वासाबरोबर हलत होतं. ते सांगता आलं की मग जवळ जायचं. "लांबून बघ. पुस्तक जवळून वाचायचं, जनावर लांबून वाचायचं." असं करता करता माझ्या हाताचा घाम कधी थांबला ते कळलं नाही. दुसऱ्या खेपेला मी पास झाले, तरी रविवारी जाणं सुटलं नाही. सरांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. रविवारी मी येणार म्हणून ते दोन कप धुऊन ठेवायचे.

तेव्हा ते कॉलेजचा इतिहास लिहीत होते. कॉलेजातून रिटायर होताना त्यांनी शवविच्छेदनाच्या छापील फॉर्मचे कोरे गठ्ठे आणले होते. पुढच्या बाजूला छापलेलं असायचं: जनावराची जात, वय, मृत्यूचं संभाव्य कारण. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला सर इतिहास लिहायचे. त्यात प्रकरणं प्राचार्यांच्या नावांची नव्हती, जनावरांच्या नावांची होती. पहिलं घोड्याचं. "कॉलेज काढलं ते घोड्यांसाठी," ते सांगायचे. "पलटणीचे घोडे, गाड्या ओढणारे घोडे. ज्याच्यावर साहेब बसतो त्याला डॉक्टर पाहिजे. गाय-बैल नंतर आले, कोंबडी त्यानंतर, कुत्रा त्यानंतर. मांजर तर आत्ता आलं. आणि मुली मांजराच्या थोड्या आधी." स्वतःच्या या विनोदावर ते हसायचे नाहीत. मलाच हसावं की नाही कळायचं नाही.

प्रत्येक प्रकरणात त्या जनावरानं कोणाला काय केलं याची नोंद होती. कोणाच्या बरगडीवर लाथ बसली, कोणाचं बोट गेलं, कोणाला गाभ काढताना ताप लागला तो वर्षानुवर्षं येत राहिला. त्यात प्राध्यापक कमी होते. बाकी सगळे अटेंडंट, शिपाई, तबेल्यावरची माणसं. कॉलेजच्या स्मरणिकेसाठी त्यांच्याकडे चार पानं मागितली होती. त्यांनी हे दिलं. समितीनं आभार मानून परत पाठवलं आणि तिथं इमारतीचा फोटो छापला.

मी चौथ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. साल दोन हजार सहा-सात असेल. पप्पांच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारे बाळारामदादा बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर राहायचे. भाताची शेती, दोन बैल, एक गाय. सुट्टीत मी घरी होते. दादा पप्पांना म्हणाले, "तुमची पोरगी ढोरांची डॉक्टर होतेय ना? आमच्या गाईला जरा बघंल का? दोन दिस झालं, काय खात नाय. तोंडातून लाळ गळते. घशात कायतरी आडाकलंय."

माझी पहिली केस. पप्पांबरोबर मी गेले. गाय दावणीला उभी होती, मान पुढं काढून, तोंडातून लाळेची तार लोंबत. मी दादांना शिंगं धरायला लावलं, जीभ बाजूला ओढली आणि हात आत घातला. मनगटाच्या वर. चाचपलं. काहीच नव्हतं. मी पोटाचं औषध लिहून दिलं, दादांच्या आईनं मला तांदळाची पिशवी दिली आणि परत येताना पप्पा रिक्षात सारखे माझ्याकडे बघून हसत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सरांना अगदी रंगवून सांगायला लागले.

"मग? घशात काय होतं?" सरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"काहीच नव्हतं. पूर्ण हात घालून बघितलं."

पेन थांबलं. "ग्लोव्ह?"

"नव्हता सर."

"आवाज कसा होता तिचा?"

"घोगरा. सारखी हंबरत होती."

"मागचे पाय?"

"जरा झोकांडत होती," मी म्हणाले आणि माझाच आवाज माझ्या कानावर पडला. लाळ, घोगरा आवाज, सारखं हंबरणं, लटपटणारे मागचे पाय, गिळता न येणं. हे मी पेपरात लिहिलं होतं. पाच मुद्दे, पाच मार्क. गाय पिसाळल्याची लक्षणं. समोर गाय उभी असताना त्यातलं एकही आठवलं नव्हतं.

"हात दाखव."

मी दाखवला. उजव्या हाताच्या दोन नखांच्या कडा मी खाऊन सोलल्या होत्या. ताज्या होत्या. सरांनी मला मोरीपाशी नेलं, नळ सोडला, खिशातली डबी काढली. मी धूत राहिले आणि ते घड्याळ बघत राहिले. पंधरा मिनिटं. एक दिवस उलटून गेला होता, आता धुऊन काय होणार, असं मी म्हणाले नाही, कारण मी थांबले की ते पुन्हा साबण पुढं करत होते.

ज्या माणसाला मी तीन वर्षांत कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलेलं पाहिलं नव्हतं, तो चप्पल घालून रिक्षात बसला. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नर्सनं रजिस्टर उघडलं.

"कुत्ता काटा? किधर काटा?"

"कुत्ता नहीं. गाय," मी म्हणाले.

"गाय ने काटा?"

"काटा नहीं. मैंने हाथ डाला. मुँह में."

तिनं पेन खाली ठेवलं. "क्यों?"

मागच्या रांगेतली माणसं हसली. नर्स म्हणाली, चावल्याशिवाय इंजेक्शन मिळत नाही, उद्या डॉक्टरांना भेटा. सर पुढं झाले. मला वाटलं आता ओरडणार. पण ते अगदी हळू बोलले. "सिस्टर, ये बीमारी मैंने देखी है. आदमी में देखी है. कल नहीं, आज."

नर्सनं त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून फ्रिज उघडला. जखमेभोवती द्यायचं सीरम तिथं नव्हतं. सरांनी बाहेरच्या पीसीओवरून जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले, आणि संध्याकाळच्या आत मुंबईहून एक जण ते बर्फात घालून घेऊन आला. नखांच्या कडेला सुई गेली तेव्हा मी किंचाळले. निरोप मिळाल्यावर धावत आलेले पप्पा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी कान झाकून घेतले.

गाय दोन दिवसांनी मेली. तोवर दादांच्या घरच्या पाचही जणांनी तिला हातानं पाणी पाजायचा प्रयत्न केला होता. सर म्हणाले, सगळ्यांनी सुया घ्यायला हव्यात, आजपासून. दादांची आई ऐकेना. "कुत्रं पिसाळतं. गाय पिसाळते का कंदी? गाय देव हाय." महिन्यापूर्वी एक कुत्रं गोठ्यात शिरलं होतं हे तिला आठवत होतं, पण त्याचा याच्याशी संबंध तिला मान्य नव्हता. आणि ती नाही म्हणाली की सून नाही, मुलं नाहीत.

"मेंदू तपासायला पाठवायचा," सर म्हणाले. "कागद हातात आला की ऐकतील."

तालुक्याचे डॉक्टर रजेवर होते. सर स्वतः गेले, सत्तरी उलटलेला माणूस, अंगात रबरी एप्रन, हातात दोन-दोन ग्लोव्ह, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा पप्पांनी आणलेला चष्मा. मला त्यांनी बांधावर उभं केलं. "तिथून हलायचं नाही. लांबून बघ." पण गाईचं डोकं वाकवून धरायला कोणीतरी हवं होतं. पाड्यावरचे सगळे मागं सरकले. बाळारामदादा रडत होते, त्यांच्याकडून काही होणार नव्हतं.

पप्पा पुढं झाले. "मी धरतो."

"सवय आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही," पप्पा म्हणाले. "वडिलांना होती."

सरांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या हातानं त्यांना ग्लोव्ह चढवले, मनगटापाशी दोन वेळा दुमडून. मग दोघं वाकले. मानेच्या मागं कवटीला जे मोठं छिद्र असतं, त्यातून मेंदूचा तुकडा काढायचा होता. पप्पांनी एकदाही तोंड फिरवलं नाही. सगळं झाल्यावर खोल खड्डा खणून चुना घालून गाय पुरली, आणि घरी येताना पप्पा एवढंच म्हणाले, "आजोबांना सांगू नकोस."

रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. ते दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. पाणी पिताना प्रत्येक घोटाला थांबायचे, घसा आवळतोय का बघायचे. पंख्याचा वारा अंगावर आला की दचकायचे. मला वेळेवर लस मिळाली होती, सीरम मिळालं होतं, पुस्तकाप्रमाणे मी वाचणार होते. पण पुस्तकावरचा माझा विश्वासच त्या गोठ्यात उडाला होता. आई रात्रंदिवस माझ्या तोंडाकडे बघत असायची, आणि मी तिच्याकडे बघितलं की भाजी निवडायला लागायची.

तिसऱ्या सुईच्या दिवशी मी सरांकडे गेले. ते खोलीभर फेऱ्या मारत होते. मला बघितलं की विचारायचे, पाणी प्यालीस? किती? शेवटी मी चिडले. "सर, तुम्हीच मला जास्त घाबरवताय!"

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "काशिनाथ म्हणून अटेंडंट होता. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. एक म्हैस आली, अशीच. मी त्याला म्हटलं, घशात काही अडकलंय का बघ. त्यानं विचारलं, साहेब, पिसाळलेली नसेल ना? मी म्हटलं, नाही. त्यानं हात घातला."

"मग?"

"दीड महिना काही नाही. मग चार दिवसांत गेला. मी शेवटपर्यंत वॉर्डबाहेर होतो. तो पाणी मागायचा, आणि पाणी आणलं की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "चौकशी झाली. विचारलं, हात घालायला कोणी सांगितलं? मी म्हणालो, आठवत नाही. त्यांनी लिहिलं, कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे. त्याच्या बायकोच्या पदरात तेवढा एक कागद पडला."

"तुमच्या इतिहासात हे आहे?"

"नाही," सर म्हणाले.

रिपोर्ट आला तो पॉझिटिव्ह. कागद हातात घेऊन पप्पा आणि मी पाड्यावर गेलो. दादांच्या आईनं तो उलटसुलट करून पाहिला, वाचता येत नव्हता तरी, आणि मग नातवंडांना कपडे घालायला लागली. पाचही जणांनी सगळ्या सुया घेतल्या. पाचही जण वाचले. मीही. सर त्यानंतर तीन वर्षं जगले. आज मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते, आणि खूप लोकांना सरांबद्दल सांगते. खिडकीचं, गॅसवाल्याचं, मांजराचं. लोक हसतात. पण माझ्या शेवटच्या सुईच्या दुसऱ्या दिवशी जे झालं ते मी सहसा सांगत नाही.

त्या दिवशी सकाळीच सर आमच्या चाळीत आले, पहिल्यांदाच. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईला म्हणाले, "हिला जरा नेतो. कॅम्प चारला." उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका गल्लीत, जीन्स शिवायच्या कारखान्यांच्या मधे, ते थांबले. मशिनींचा आवाज येत होता. "तू आधी जा," म्हणाले. "सांग, कॉलेजातून आलेत. मग त्यांना बोलवायचं असेल तर बोलावू दे."

काशिनाथची बायको साठीच्या पुढची होती. उंच, ताठ, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. मुलाच्या कारखान्यात शिवलेल्या पँटींचे धागे तोडत बसली होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी एका तरुण माणसाचा फिकट फोटो. मी कॉलेजचं नाव घेतलं तर कात्री थांबली. "कोण आलंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं कात्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "येऊ दे."

सर आत आले. बसा असं तिनं म्हटलं नाही, आणि ते बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. हात मी घालायला सांगितला. चौकशीत खोटं बोललो. त्यांची काही चूक नव्हती.

"मला माहिती आहे," ती म्हणाली. "ह्यांनी त्या दिवशीच घरी येऊन सांगितलं होतं. तुम्ही मला नवं काय सांगताय?"

सरांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"माझ्या पोराला बापाच्या जागी घेतलं नाही. म्हणाले, हलगर्जीपणा. मी तो कागद किती साहेबांना दाखवला. सगळे म्हणायचे, लिहिलंय तसं. आता तुम्ही लिहा."

तिनं मापं लिहायला ठेवलेल्या वहीतून एक पान फाडलं, कापायच्या टेबलावरचे तुकडे हातानं सारून जागा केली आणि पेन दिलं. सर वाकून लिहायला लागले. त्यांचं अक्षर एरवी मोत्यासारखं होतं, त्या दिवशी ओळी तिरक्या गेल्या. मशीन चालवणाऱ्या मुलांनी एक-एक करून पाय थांबवले. लिहून झाल्यावर तिनं कागद डोळ्यांजवळ धरला आणि बोट फिरवत वाचला. एका ठिकाणी बोट अडलं.

"'मी नाही म्हणालो,'" तिनं मोठ्यानं वाचलं. "ह्यांनी विचारलं, पिसाळलेली नसेल ना, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात?"

"हो," सर म्हणाले.

"नाही म्हणाला नव्हतात, साहेब. हसला होतात. हे घरी आले, हात धुतला, जेवायला बसले आणि म्हणाले, मी विचारलं तर साहेब हसले, म्हणजे मीच काहीतरी येड्यासारखं विचारलं असणार. ते लिहा."

सरांनी पेन उचललं, ती ओळ खोडली आणि वर लहान अक्षरात लिहिलं, "मी हसलो." मग कागद तिच्या पुढं सरकवला.

तिनं चष्मा पदरानं पुसला, सगळा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि म्हणाली, "आता सही करा."